मुलांच्या भांडणांसाठी वाळूची घड्याळं: आठ महिने वापरून लिहिलेला रिव्ह्यू

आधी वस्तू काय आहे ते सांगते. तीन छोट्या वाळूच्या घड्याळांचा संच आहे, हिरवं एक मिनिटाचं, पिवळं तीन मिनिटांचं आणि निळं पाच मिनिटांचं. आत काचेची नळी, बाहेर जाड पारदर्शक प्लास्टिक, दोन्ही टोकांना रबरी टोपणं. लहान मुलांच्या हातात नीट बसतात, उलटं करायला कुणाची मदत लागत नाही. असे संच बऱ्याच कंपन्या काढतात आणि एकमेकांपासून फार वेगळे नसतात, म्हणून मी कंपनीबद्दल लिहित नाहीये, ही वस्तू घरात आणल्यावर काय होतं त्याबद्दल लिहितेय.

आमच्याकडे मोठी साडेपाच वर्षांची, धाकटा साडेतीनचा आणि शेजारचा चार वर्षांचा मुलगा, तो रोज संध्याकाळी येतोच त्यामुळे घरचाच धरा. तिघांत मिळून एक तीनचाकी सायकल. रोजचं चित्र असं की कुणीतरी बसलेलं, कुणीतरी हँडल ओढतंय, कुणीतरी "आईऽऽ" किंवा "काकूऽऽ" म्हणून ओरडतंय आणि मी हातातलं काम टाकून बाहेर जाऊन निकाल देतेय. निकाल दिला की एक खूश, दोघं रडवेले, आणि दहा मिनिटांनी परत तेच. घड्याळं आणली ती यासाठी, की वाळू निकाल देईल आणि मला जावं लागणार नाही.

तसं झालं नाही, आणि हे आधीच सांगते कारण बरेच लोक पहिल्या पंधरा दिवसांत ही घड्याळं कपाटात टाकून देतात. पहिले दोन आठवडे मीच घड्याळ उलटं करायचे, मीच लक्ष ठेवायचे, मीच म्हणायचे की "संपली वाळू, उतर आता". म्हणजे आधी मी ओरडत होते, आता वाळू दाखवून ओरडत होते, एवढाच फरक. मुलांच्या दृष्टीने ते माझं हत्यार होतं. धाकटा तर सायकलवर बसून सायकल चालवायचाच नाही, नुसता वाळूकडे बघत बसायचा आणि शेवटचे चार कण पडताना ओठ काढायचा. मला फार वाईट वाटायचं ते बघून.

बदल झाला तो एका दिवशी मी घरात अडकले होते आणि बाहेर जाऊ शकले नाही म्हणून. शेजारच्याची पाळी होती, पिवळं घड्याळ पायरीवर उभं. तो मधेच उतरला, घड्याळ आडवं करून ठेवलं आणि आत पळाला. परत येईपर्यंत मोठीने ते बघितलं होतं. मी दारात आले तेव्हा कानावर पडलं ते जवळजवळ शब्दाला शब्द असं होतं:

"तू घड्याळ झोपवलंस!"

"मला शू आली होती."

"शू आली तरी वाळू जाते. वाळू थांबत नाही."

"पण मी सायकलवर नव्हतोच. मी नव्हतो तर माझी वाळू का जाईल?"

मोठी गप्प झाली. मी बोलायला तोंड उघडलं होतं ते तसंच मिटलं, कारण तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं की ती विचार करतेय. मग म्हणाली, "बरं. शू असली तर झोपवायचं. पाणी प्यायला गेलं तर नाही झोपवायचं."

"पाणी का नाही?"

"पाणी नंतर पण पिता येतं. शू नंतर नाही करता येत."

हे त्याला पटलं. सायकलवर बसला, घड्याळ उभं केलं, उरलेली पाळी पूर्ण केली आणि स्वतः उतरून दिली. पाच मिनिटांनी धाकटा "मला पण शू आली" म्हणाला तेव्हा दोघं त्याच्याबरोबर बाथरूमपर्यंत गेले खरंच आली का बघायला, तो भाग वेगळा.

माझ्यासाठी ह्या घड्याळाची सगळी किंमत त्या संवादात आहे. चार वर्षांच्या मुलाने "मला पाहिजे" म्हटलं नाही. त्याने असं कारण दिलं जे कुणालाही लागू पडेल, उद्या तिला शू आली तर तिलाही. आणि तिने ते कारण ऐकून आपलं म्हणणं बदललं, पण पूर्ण सोडलं नाही, पाण्यावर अडवलं, आणि का अडवलं तेही सांगितलं. मी बाहेर जाऊन "आता भांडू नका, परत उलटं करा" म्हटलं असतं तर यातलं काहीही घडलं नसतं. मुलांच्या विचारांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी स्वित्झर्लंडमधल्या मुलांना गोट्या खेळताना बघून, त्यांच्याशी बोलून १९३२ साली लिहिलं होतं की लहान मुलांना आधी नियम म्हणजे मोठ्यांनी दिलेली आणि न बदलणारी गोष्ट वाटते, आणि बरोबरीच्या मुलांशी खेळता खेळता हळूहळू कळतं की आपण सगळ्यांनी मान्य केलं तर नियम बदलता येतो. त्यांच्या मते हे कळायला बरंच वय जावं लागतं, पण आमच्या पायरीवर त्याची सुरुवात मला त्या दिवशी दिसली.

तेव्हापासून घड्याळ मुलांकडे. मी हात लावत नाही. कुठलं घ्यायचं, कोण उलटं करणार, मधे पडलं तर काय, सगळं त्यांचं ते ठरवतात, आणि ठरवताना खूप बोलतात, खेळण्यापेक्षा ठरवण्यात जास्त वेळ जातो कधी कधी. मला आधी वाटायचं की वेळ वाया चाललाय, आता वाटतं की हाच खेळ आहे.

घड्याळ नेमकं काय करतं यावर मी बराच विचार केलाय. भांडणात लहान मुलाकडे शब्द फार थोडे असतात. माझं, दे, नाही, मी आधी. यातलं "मी आधी" तर अगदी लवकर येतं, २००८ साली ओरी फ्रीडमन आणि कॅरन नियरी या मानसशास्त्राच्या संशोधकांनी दाखवलं की दोन ते चार वर्षांची मुलंसुद्धा खेळणं ज्याच्या हातात आधी दिसलं त्याचंच ते असं धरतात. म्हणजे हिसकावणारा मुलगा बिनडोकपणे हिसकावत नसतो, त्याच्या डोक्यात एक कायदा असतो, फक्त दोघांच्या डोक्यात "आधी" वेगवेगळ्या क्षणाला सुरू झालेलं असतं. एकाने सकाळी बघितली म्हणून आधी, दुसरा आत्ता बसला म्हणून आधी. कमी असतात ते पुढचे शब्द, म्हणजे नंतर, तोपर्यंत, झालं की, जर तर. "तू नंतर" हे साडेतीन वर्षांच्या मुलाला धमकीसारखं ऐकू येतं कारण नंतर म्हणजे कधी ते त्याला दिसत नाही. वाळूत ते दिसतं. वरची वाळू म्हणजे अजून, खालची वाळू म्हणजे झालं. धाकटा पहिल्यांदा "तुझी थोडीशीच राहिली, मग माझी" असं म्हणाला तेव्हा तो रडत नव्हता, नुसती माहिती देत होता.

यावर अमेरिकेत जुनं काम आहे, जॉर्ज स्पिव्हॅक आणि मर्ना शूर यांनी १९७० च्या दशकात लहान मुलांना भांडण सोडवायला शिकवायचा एक कार्यक्रम तयार केला, आणि त्याची सुरुवात भांडणापासून होतच नाही, शब्दांच्या जोड्यांपासून होते. आधी आणि नंतर, आत्ता आणि मग, सारखं आणि वेगळं, कदाचित, जर आणि तर. हे शब्द शांत असताना खेळात वापरायचे म्हणजे भांडणाच्या वेळी तोंडात येतात. मला ही कल्पना खूप आवडली आणि मी ती उचलली. अंघोळ करताना, कपडे घालताना, "आधी मोजा की आधी चप्पल?" असलं काहीतरी, पोरं खिदळतात, आणि मग सायकलपाशी तेच शब्द कानावर येतात. नुसती घड्याळं घेऊन हे न करणाऱ्यांना अर्धाच उपयोग होईल असं माझं स्पष्ट मत आहे.

आता वयाबद्दल, कारण मैत्रिणी हेच विचारतात. पाकिटावर तीन वर्षांवरील असं लिहिलेलं असतं ते पाळाच, आत काच आणि बारीक वाळू आहे. आणि तसंही दोन वर्षांच्या मुलाला याचा उपयोग नाही, तो घड्याळच घेऊन जाईल. साडेतीनच्याला दिसतं आणि कळतं, पण वाळू संपल्यावर सायकल सोडवत नाही. इथे चिडू नका असं मनापासून सांगते. २०१३ साली क्रेग स्मिथ, पीटर ब्लेक आणि पॉल हॅरिस यांचा स्टिकर वाटायला लावलेला एक अभ्यास आला, त्यात तीन वर्षांची मुलंही म्हणत होती की निम्मे निम्मे द्यायला हवेत, पण प्रत्यक्ष द्यायची वेळ आल्यावर स्वतःकडे जास्त ठेवत होती, आणि "तू किती देशील" विचारल्यावर आपण कमी देणार हे प्रामाणिकपणे सांगतही होती. म्हणजे कळणं आणि हातून सुटणं यात काही वर्षांचं अंतर असतं. आमचा धाकटा "संपली वाळू" म्हणून स्वतः ओरडायचा आणि हँडल घट्ट धरून बसायचा. मी तेव्हा "खोटारडा" "हावरट" असले शब्द घरात बंद केले. त्याऐवजी शेजारच्याने एक युक्ती काढली, "एक गोल मारून दे". शेवटचा एक गोल. ते त्याला जमतं. मोठ्यांनासुद्धा उठताना शेवटचा घोट लागतोच की चहाचा.

मोठीच्या वयात उलटी गंमत होते. ती मिनिटामिनिटाचा हिशोब ठेवते, पण आपल्याला कमी मिळालं तर. जास्त मिळालं तर बोलत नाही. यावरही ब्लेक आणि कॅथरीन मॅकऑलिफ यांनी २०११ साली काम केलंय, चार वर्षांपासूनची मुलं स्वतःला कमी मिळणारी वाटणी नाकारतात, पण स्वतःला जास्त मिळणारी वाटणी नाकारायला साधारण आठवं वर्ष उजाडावं लागतं. हे वाचल्यापासून मी तिला स्वार्थी म्हणणं थांबवलं, ती तिच्या वयाची आहे.

मुलं भांडत असताना मोठ्यांनी काय करायचं हा भाग कुठल्याच पाकिटावर लिहिलेला नसतो, म्हणून थोडं सविस्तर. मारामारी, चावणं, ढकलणं सुरू झालं तर लगेच जायचं, तिथे वाट बघायची नाही. नुसता आवाज चढला असेल तर मी दारात उभी राहते आणि गप्प बसते, हे सगळ्यात अवघड आहे, जीभ आपोआप वळवळते. आणि जावंच लागलं तर मी हायस्कोप या अमेरिकेतल्या बालशिक्षण संस्थेच्या सहा पायऱ्या धरते: शांतपणे जवळ जाऊन इजा थांबवायची, दोघांना काय वाटतंय ते बोलून दाखवायचं, काय झालं ते विचारायचं, अडचण एका वाक्यात परत सांगायची, उपाय त्यांनाच विचारून एक निवडायचा, आणि नंतर मदतीला आसपास राहायचं. पहिल्या पायरीतली एक गोष्ट सोन्यासारखी आहे. ज्याच्यावरून भांडण आहे ती वस्तू तेवढ्यापुरती मोठ्याने आपल्याकडे धरायची, "आपलं ठरेपर्यंत ही माझ्याकडे". एकदम ओढाओढ संपते आणि हात मोकळे झाले की तोंड सुरू होतं.

आणि चौथी पायरी, एका वाक्यात परत सांगायची, ती मी आधी नेहमी गाळायचे. "सायकल एक आहे आणि दोघांना आत्ता हवी आहे." बस. कुणाची चूक ते नाही. हे वाक्य ऐकल्यावर पोरं एकमेकांकडे बघणं सोडून सायकलकडे बघतात, मी बरेचदा पाहिलंय. सॉरी म्हणायला लावणं मी पूर्ण सोडून दिलं. म्हणायला लावलेलं सॉरी हे मला उद्देशून असायचं, ज्याला लागलं त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हतं कुणी. आता विचारते, "त्याला बरं वाटायला काय करूया?" कधी ओला रुमाल येतो, कधी फुंकर, एकदा हिरवं घड्याळ आणून दिलं होतं, "हे संपेपर्यंत रड, मग खेळू." आणि तो खरंच वाळू संपेपर्यंत रडला आणि उठला.

जिथे घड्याळ कामाला येत नाही ते सांगितलं नाही तर रिव्ह्यू अर्धवट राहील. सगळी भांडणं वस्तूवरून नसतात. मोठी आणि शेजारचा गच्चीच्या जिन्यात दवाखाना मांडून बसले होते, बाहुल्यांची रांग, एक डॉक्टर एक नर्स. धाकटा गेला, "मी पण". "नाही, तू नाही." तो पळत येऊन पिवळं घड्याळ घेऊन गेला, त्यांच्यासमोर उलटं करून ठेवलं आणि तीन मिनिटं मांडी घालून बसला. वाळू संपल्यावर किती आशेने म्हणाला, "संपली!" मोठी वर न बघता म्हणाली, "हा टर्नचा खेळ नाहीये." तो चेहरा मी विसरणार नाही. त्याने नियम पाळला होता, आणि नियमच तिथला नव्हता.

मी तेव्हा मोठीवर रागावणार होते, पण समाजशास्त्रज्ञ विल्यम कॉर्सारो यांचं वाचलेलं आठवलं. त्यांनी बालवर्गात मुलांमधे बसून वर्षानुवर्षं निरीक्षण केलं, आणि त्यांचं म्हणणं असं की "तू नाही" म्हणणारी मुलं बहुतेकदा दुष्टपणा करत नसतात, दोघांनी मिळून उभं केलेलं काहीतरी अगदी नाजूक असतं, तिसरा आला की ते मोडेल हे त्यांनी अनुभवलेलं असतं, म्हणून ती ते जपत असतात. आणि "मी खेळू का?" असं सरळ विचारलं की बहुधा नाहीच येतं, ज्या मुलांना प्रवेश मिळतो ती आधी बाजूला उभी राहून बघतात आणि मग खेळात बसेल अशी काहीतरी कृती करत आत शिरतात. मी धाकट्याला घड्याळासकट उचलून आणलं, त्याचा हत्ती दिला आणि म्हटलं, "याच्या पायाला काय झालंय बघ बरं." तो दोन पायऱ्या खाली बसून हत्तीच्या पायाला रुमाल गुंडाळायला लागला, बराच वेळ, तोंडाने "दुखतंय ना, दुखतंय ना" चालू. मग वरून आवाज आला, "नर्स, अजून एक पेशंट आलाय, त्यांना वर बोलवा." पेशंटच्या बाबांना रांगेत नंबर मिळाला. त्या दिवशी घड्याळाने काही केलं नाही, तेव्हा कुणी प्रत्येक भांडणात घड्याळ पुढे करायला लागलं तर करू नका, पोराची फसवणूक होते. पळापळीच्या खेळात मात्र मुलांनी स्वतःच धाकट्याला लिंबूटिंबू करून घेतलंय, पकडलं तरी आऊट नाही.

आता वस्तूच्या दर्जाबद्दल भरभर. वेळ काटेकोर नाही. फोन लावून मोजलं तर आमचं पाचवालं चार मिनिटं चाळीस सेकंदात संपतं आणि तीनवालं तीन मिनिटं दहा सेकंद घेतं. मुलांना एका वेळी एकच घड्याळ असेल तर फरक पडत नाही, कारण सगळ्यांना तेच घड्याळ. पण मी हौसेने दुसरा संच आणला आणि दोन पिवळी शेजारी ठेवल्यावर लक्षात आलं की एक आधी संपतं. त्यावरून जे भांडण झालं ते पाऊण तास चाललं, शेवटी मोठीने तोडगा काढला की "हळू पिवळं" आणि "पळकं पिवळं" आलटून पालटून. वाळू अधूनमधून मधल्या बारीक जागेत अडकते, टिचकी मारली की सुटते, पण टिचकी कोणी मारायची यावरही ठराव करावा लागला. एक रबरी टोपण दोन महिन्यांत निघालं, विक्रेत्याने बदलून दिलं नाही, मी डिंकाने चिकटवलं. फरशीवर सात-आठ वेळा पडूनही काच फुटलेली नाही, निळ्याच्या बाहेरच्या प्लास्टिकला तडा गेलाय तेवढा.

फोनचा टायमर लावून का नाही भागत असं नवऱ्याने विचारलं होतं. लावून बघितला. फोन अचानक वाजतो, तोपर्यंत मुलाला काहीच दिसत नाही, आणि वाजला की दचकून रडूच येतं. शिवाय फोन मोठ्यांचा, म्हणजे परत निकाल मोठ्यांचा. वाळू आवाज करत नाही, त्यामुळे कुणीतरी तोंडाने सांगावंच लागतं की संपली, आणि सांगितलं की पुढचं बोलणं सुरू होतं.

घ्यायचं असेल तर तीन मिनिटांचं घ्या. पाच मिनिटं वाट बघणाऱ्या साडेतीन वर्षांच्या मुलाला फार लांब पडतात, ते निळं आमच्याकडे फक्त मोठी चित्र काढताना वापरते. एक मिनिटाचं झोपाळ्याला आणि वर सांगितलं तसं रडायला. पाच पैकी चार स्टार देतेय, एक टोपणासाठी कापला. गेल्या आठवड्यात शेजारच्याच्या घरी बाळ आलंय, तो परवा येऊन विचारत होता, "काकू, पळकं पिवळं मी घरी नेऊ? आई बाळाला घेते ना, तेव्हा मला लागतं." मी दिलंय. हळू पिवळं आमच्याकडे ठेवलंय, मोठी म्हणाली तेच बरं, जास्त खेळता येतं.